लाठी सोडू नकोस, श्वास सोड

पत्रलेखिका 31 वर्षांची. कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेत सासू-सासरे, नवरा आणि चार वर्षांच्या मुलीसोबत राहते. लहानपणी तालमीत मर्दानी खेळ शिकली, आज तिथंच संध्याकाळी मुलींना लाठी शिकवते. पहिलं बाळंतपण नॉर्मल झालं, पण शेवटी चिमटा लावावा लागला आणि टाकेही बरेच पडले. तेव्हापासून शिंकताना, खोकताना, जोरात हसताना लघवीचे थेंब जातात. गेल्या श्रावणात मंगळागौरीला झिम्मा खेळताना साडी भिजली, तेव्हा पाय मुरगळल्याचं सांगून ती कोपऱ्यात बसून राहिली. आता पुन्हा पाचवा महिना आहे आणि त्रास वाढला आहे. सासूबाईंचं म्हणणं, व्यायामानंच अंग ढिलं पडलं, आता तरी लाठी ठेव. आणि बाईच्या जातीला हे असायचंच. घराबाहेर पडायचं असलं की ती पाणी पीत नाही. अंबाबाईच्या दर्शनाला जाणंही तिनं सोडलं आहे. नवऱ्याला माहीत नाही, डॉक्टरांना सांगितलेलं नाही. तिचे प्रश्न दोन: शिकवणं सोडू का? आणि या वेळी सिझर मागून घेतलं तर पुढचा त्रास वाचेल का?

पत्राच्या दुसऱ्या पानावर तू एक ओळ लिहून खोडली आहेस. मी पान खिडकीच्या उजेडात धरून ती वाचली, रागावू नकोस. ‘दोन हातांत दोन लाठ्या फिरवणारी मी, आणि मला एवढंसं धरवत नाही.’ तुझे दोन्ही प्रश्न या खोडलेल्या ओळीतूनच निघालेत, म्हणून सुरुवात तिथूनच करते. तू मला ताई म्हटलंस, तेव्हा मीही तुला अगंतुगं करते.

अंगातली ताकद आणि लघवी धरून ठेवणं या दोन गोष्टी तू एकाच खात्यात मांडल्या आहेस. 2002 साली स्वीडनमध्ये ट्रॅम्पोलिनवर उड्या मारणाऱ्या 35 अव्वल मुलींना याबद्दल विचारलं गेलं होतं. सरासरी वय 15. एकीचंही बाळंतपण झालेलं नाही. त्यातल्या 28 जणींनी सांगितलं की सराव करताना लघवी जाते. हातापायांत एवढी ताकद असलेल्या पोरी! आखाड्यात वस्ताद नुसते दंड बघत नाही, तो कंबर बघतो, पाय कसा रोवलाय ते बघतो. पण कमरेच्याही खाली स्नायूंचा एक थर आहे, तो कुठल्याच वस्तादानं तुला शिकवलेला नाही. आमच्या फिजिओथेरपीच्या शिक्षणात तरी कुठं शिकवला होता? माझ्या वेळी त्यावर एक तास झाला, तोही परीक्षेच्या तोंडावर, घाईघाईत, आणि वर्गातल्या मुली माना खाली घालून बसलेल्या. जे खरं शिकले ते पुढं बायकांकडून शिकले.

सुंभानं विणलेली बाज आठव. ओटीपोटाच्या खाली, समोरच्या हाडापासून मागं माकडहाडापर्यंत तशीच स्नायूंची वीण आहे. लघवीची पिशवी, गर्भपिशवी आणि शौचाची पिशवी तिच्यावर टेकलेली असतात. लघवीची, बाळाची आणि शौचाची वाट तिच्यातूनच खाली उतरते. आपण शिंकलो की पोटातला दाब एकदम खाली येतो. त्याच क्षणी ही वीण ताणून घट्ट झाली तर वाट बंद राहते. जरा उशीर झाला, किंवा वीण सैल असली, की थेंब सुटतात. गरोदरपणात तिच्यावर महिनोन्‌महिने वाढतं ओझं असतं, संप्रेरकांमुळे सांधे आणि त्यांना धरणारे बंध सैलावतात, आणि बाळ बाहेर येताना हे स्नायू कधी नव्हे एवढे ताणले जातात. चिमट्याच्या बाळंतपणात त्यांना इजा होण्याची शक्यता आणखी जास्त. चिमटा लावणाऱ्यांची चूक झाली असं मी म्हणत नाही, त्या घडीला बाळ सुखरूप बाहेर येणं मोठं होतं. एवढंच सांगते की तुझ्या त्रासाचं मूळ त्या दिवसात असण्याची शक्यता लाठीपेक्षा कितीतरी जास्त आहे.

आता सासूबाईंचं. त्यांचं म्हणणं अगदीच उडवून लावू नकोस. उडी मारल्यावर थेंब जातात हे त्यांनी पाहिलं असेल, आणि त्यावरून उडीनंच अंग ढिलं केलं असा अर्थ लावला असेल. पाऊस आला की छत गळतं, म्हणून कुणी छत पावसानं बिघडवलं असं म्हणत नाही. कौल सरकलेलं असतं, ते पावसात कळतं. दुसरं वाक्य मात्र मला जास्त खटकलं: ‘बाईच्या जातीला असायचंच.’ हे वाक्य मी पंचवीस वर्षं ऐकतेय. आणि ते म्हणणाऱ्या बहुतेक बायकांना स्वतःला तोच त्रास असतो. एखाद्या दुपारी दोघीच असताना त्यांना हळूच विचार, ‘आई, तुम्हालाही होतं का असं?’ कदाचित त्या तीस वर्षं जाड लुगड्याच्या घड्यांत हे लपवत आल्या असतील. पुढं मी जो व्यायाम सांगणार आहे तो साठीतही उपयोगी पडतो. तुम्ही दोघींनी मिळून केलात तर घरातलं निम्मं भांडण तिथंच मिटेल.

किती जणींना होतं हे? बाळंतपणानंतर साधारण तिघींतल्या एकीला. म्हणजे तुझ्या त्या मंगळागौरीच्या झिम्म्यात तू एकटी नव्हतीस, बाकीच्यांचे पाय तेवढे मुरगळले नाहीत. पण सर्रास आढळतं म्हणून सोसायचं, हा हिशेब कुठला? केस पिकतात तसं हे नाही. खोकल्या-शिंकेला होणारी गळती हा असा त्रास आहे, ज्यावर पहिला उपाय औषध नसतो, शस्त्रक्रिया तर नसतेच; पहिला उपाय व्यायाम असतो. ब्रिटनमधल्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय: किमान तीन महिने, जाणकाराच्या देखरेखीखाली, दिवसातून तीनदा, दर वेळी निदान आठ आकुंचनं. तुझ्यासारख्या गरोदर बाईबाबत मी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. ज्यांना त्रास नाही त्यांनी गरोदरपणातच हा व्यायाम सुरू केला तर शेवटच्या महिन्यांत गळती होण्याची शक्यता निम्म्याहून कमी होते, हे अनेक अभ्यास एकत्र तपासून दिसलंय. आधीच त्रास असलेल्या बाईला गरोदरपणात किती फरक पडेल, याचा तेवढा ठाम आकडा देता येत नाही. म्हणून आठव्या महिन्यात ‘ताई, अजून जातंय’ असं वाटलं तर निराश होऊ नकोस. आत्ता तू स्नायू ओळखायला शिकतेयस. खरी कसोटी बाळंतपणानंतरच्या तीन-चार महिन्यांत.

हा व्यायाम केगल या नावानं ओळखला जातो, अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांच्यावरून. 1948 साली त्यांनी तो मांडला. त्यांची हुशारी मला वेगळीच वाटते: त्यांनी दाब मोजणारं एक छोटं यंत्र केलं, म्हणजे बाईला स्वतःच्या डोळ्यांनी काटा हललेला दिसायचा. न दिसणाऱ्या स्नायूला वस्ताद मिळाला! आपल्याकडं हठयोगात मूलबंध आहे, त्याची जातकुळी याच्याजवळची. तुझ्या तालमीतल्या एखाद्या जुन्या माणसाला विचारलंस तर तो सांगेलही, फक्त त्यानं तो ब्रह्मचर्यासाठी शिकलेला असेल.

कसा करायचा? कुशीवर आडवी हो, गुडघे थोडे मुडप. चारचौघांत बसलीस आणि वारा सरेल असं वाटलं तर काय करशील? मागची वाट आत ओढून घेशील. ते कर. मग तसंच पुढं, लघवी थांबवल्यासारखं. दोन्ही मिळून आत आणि वर, बादली आडातून वर ओढावी तसं. धर. जेवढं धरवेल तेवढंच, सुरुवातीला तीन सेकंदही पुष्कळ झाले. मग पूर्ण सोड. सोडणं म्हणजे निम्मा व्यायाम, ते घाईनं उरकू नकोस. जेवढं धरलंस तेवढाच वेळ सैल राहू दे. असे आठ-दहा संथ, आणि मग आठ-दहा झटपट, धर-सोड, धर-सोड. दिवसातून तीनदा. आठवड्यागणिक धरायची सेकंदं वाढवत दहापर्यंत ने. कुल्ले आवळले जात असतील, मांड्या दाबल्या जात असतील, भुवया चढत असतील, श्वास कोंडला जात असेल, तर चुकतंय. आणि खाली ढकलल्यासारखं, कुंथल्यासारखं वाटत असेल तर ताबडतोब थांब, ते नेमकं उलटं आहे. ही चूक दुर्मीळ नाही. 1991 च्या एका अमेरिकी अभ्यासात नुसतं तोंडी समजावल्यावर साधारण निम्म्याच बायकांना ते नीट जमलं, आणि पाव बायका असं काही करत होत्या ज्यानं गळती वाढलीच असती. म्हणून एकदा तरी या विषयातल्या फिजिओथेरपिस्टला किंवा तुझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना तपासायला सांग. व्हिडिओ बघून लाठी कुणाला आलीय का? हेही तसंच.

लघवी करता करता धार अडवून सराव करायचा, असं तुला कुणीतरी सांगेल. ओळखण्यापुरतं एखाद्या वेळी ठीक, रोज नको. पिशवी पूर्ण रिकामी होत नाही. आणि हा व्यायाम करताना दुखत असेल, किंवा खालचा भाग सदा आवळलेलाच वाटत असेल, तर आणखी आवळण्याआधी तपासून घे. काहींचे स्नायू सैल नसतात, उलट सोडताच येत नाहीत, त्यांना वेगळं शिकवावं लागतं.

वेळ मिळत नाही म्हणू नकोस. दात घासताना, भाकरी तव्यावर फुगेपर्यंत, केएमटी बसच्या थांब्यावर. कुणाला कळतही नाही.

यातली सगळ्यात लवकर गुण देणारी युक्ती मात्र वेगळी आहे आणि ती तुला माझ्यापेक्षा लवकर जमेल. फरी-गदका, म्हणजे ढाल-काठी, खेळताना वार अंगावर बसल्यावर फरी उचलून काय उपयोग? वार येताना दिसला की फरी आधी वर. शिंकेचंही तेच. नाकात हुळहुळलं, खोकल्याची उबळ घशाशी आली, मुलीला कडेवर घ्यायला वाकलीस, की आधी खालचा तळ, म्हणजे तीच स्नायूंची वीण, आत-वर ओढ, आणि मग शिंक, खोक, उचल. काही बायकांना आठवडाभरातच फरक कळतो. स्नायू मजबूत झालेला नसतो, तो फक्त वेळेवर हजर राहायला लागतो. उचलताना श्वास सोडायचा. तू लिहिलंयस की जोर लावताना श्वास रोखायची तुला लहानपणापासून सवय आहे. बहुतेक तालमींत तसंच होतं. रोखलेला श्वास पोटातला दाब सगळा खाली लोटतो, सैल विणीवर. सिलिंडर सरकवतानाही हेच होतं, पाण्याची घागर उचलतानाही.

आता तुझा पहिला प्रश्न. शिकवणं सोडू नकोस, शिकवण्याची पद्धत बदल. गरोदर बाईनं आठवड्याला निदान 150 मिनिटं मध्यम व्यायाम करावा, ही जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस आहे, अर्थात डॉक्टरांनी काही कारणानं मनाई केली नसेल तर. मध्यम म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत धाप. रंकाळ्यावर सकाळी चालायला जातेस, ते चालू ठेव. उड्या, दोरी, पळणं, एकदम बसून उठण्याचे झटके सध्या बंद. जोडीचे खेळ तर अजिबात नको. कितीही मुरलेली मुलगी समोर असली तरी पोटावर बसणारा एक चुकार वार पुरे. एकेरी लाठीचे हात दोन्ही पाय रोवून, संथपणे, प्रत्येक फिरक्याला श्वास सोडत करून दाखव. बाकी प्रात्यक्षिक तुझ्या जुन्या विद्यार्थिनींकडून करून घे, तू कट्ट्यावर बसून चुका काढ. वस्ताद लोक म्हातारपणी तेच करतात आणि तेव्हाच त्यांच्याकडून लोक जास्त शिकतात. तोल जाईल असं काही करू नकोस, पोट वाढलं की शरीराचा तोल पुढं सरकतो. व्यायाम करताना रक्त दिसलं, पाणी गेलं, छातीत दुखलं, चक्कर आली, पोटात ठरावीक अंतरानं कळा यायला लागल्या, बाळाची हालचाल मंदावली, तर लाठी ठेवून सरळ दवाखाना गाठ.

पाण्याचं. तू पाणी तोडलंयस आणि तुला वाटतंय गळती त्यामुळं आवाक्यात आहे. महाद्वार रोडवर खरेदीला निघायचं म्हणून दुपारपासून कोरड्या तोंडानं बसणाऱ्या बायका मी घरोघरी पाहिल्यात. शहरात बायकांसाठी धड मुतारी सापडत नाही, त्याचा हा कर आपण आपल्या शरीरातून भरतो. पण पाणी तोडलं की लघवी दाट होते, पिशवीला टोचत राहते, जंतुसंसर्ग व्हायला वाव मिळतो, आणि शौचाला घट्ट होतं. मग रोज सकाळी कुंथायचं. कुंथणं म्हणजे रोज त्या सैल बाजेवर नाचण्यासारखं आहे. तहान भागेल एवढं पाणी दिवसभरात विभागून पी, लघवीचा रंग फिका राहील असं. रात्री झोपायच्या आधीच्या दोन तासांत कमी केलंस तर चालेल. घरातून निघताना ‘असू दे एकदा जाऊन येते’ हे एकदा ठीक, दर अर्ध्या तासाला नको. पिशवीला थोड्यावरच हाका मारायची सवय लागते. कमोड असेल तर पायांखाली छोटा पाट घे, गुडघे कमरेच्या वर येऊ दे. चहा कोल्हापुरात सोड म्हणणं म्हणजे फार झालं, दोन छोटे कप घे. गरोदरपणात कॅफीन तसंही दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात. तांबड्या रश्श्यानं त्रास वाढतो की नाही ते स्वतः चार दिवस बघून ठरव. मी उगाच त्याचं नाव बदनाम करणार नाही.

दुसरा प्रश्न, सिझरचा. हा मला जास्त काळजीचा वाटतो, कारण तुझ्या मनात तो सुटकेचा मार्ग म्हणून पक्का झालेला दिसतो. सिझर झालेल्या बायकांत पुढं गळतीचं प्रमाण कमी आढळतं, हे खरं. पण ते शून्यावर येत नाही. महिनोन्‌महिन्यांचं ओझं आणि संप्रेरकांचा सैलावा तुझ्या वाट्याला आत्ताच येतोय, बाळ कुठूनही बाहेर आलं तरी. शिवाय तुझा ताण पहिल्या वेळीच पडून गेलाय. सिझर तो मागं जाऊन पुसणार नाही. समोर ठेव की सिझर मोठी शस्त्रक्रिया आहे. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, भरून यायला लागणारे आठवडे, पुढच्या गरोदरपणात वार (प्लॅसेंटा) चुकीच्या जागी चिकटण्याचा धोका. आणि घरात चार वर्षांची मुलगी, जी पहिल्याच दिवशी ‘मला घे’ म्हणून पदर ओढणार. फक्त थेंब जातात म्हणून पोट उघडून घ्यावं, असं मी माझ्या बहिणीलाही सांगणार नाही.

एक अपवाद मात्र खराच आहे. पहिल्या वेळचे टाके किती खोलवर गेले होते? फाटणं शौचाच्या वाटेच्या स्नायूपर्यंत पोचलं होतं का? तेव्हापासून वारा किंवा शौच धरायला त्रास होतो का? तसं असेल तर या वेळी बाळंतपण कसं करायचं याचा विचार तज्ज्ञ वेगळ्या नजरेनं करतात, आणि तिथं सिझरचा पर्याय खुलेपणानं चर्चेला येतो. तुझे जुने कागद घरात कुठंतरी असतील, डिस्चार्ज कार्ड शोध. त्यावरची दोन ओळींची नोंद तुझ्या-माझ्या चार पानांपेक्षा मोलाची आहे. आणि या वेळी पुन्हा चिमटा लागेलच असं नाही. दुसऱ्या वेळी वाट बहुतेकदा सोपी होते. ‘तशी वेळ आली तर तुम्ही काय कराल?’ हे डॉक्टरांना आत्ता, शांतपणे विचार. कळा चालू असताना विचारायचा तो प्रश्न नाही.

त्यासाठी आधी त्यांना सांगावं लागेल. तू लिहिलंयस, ‘त्यांनी कधी विचारलं नाही.’ रांग असते, वेळ नसतो, विचारत नाहीत, ही तक्रार खरी आहे. तरी तुलाच बोलावं लागणार आहे, कारण काही गोष्टी आधी वगळाव्या लागतात. जळजळ, ताप, लघवीत रक्त, पुन्हा पुन्हा लागणं यात संसर्ग निघू शकतो, आणि गरोदरपणातला संसर्ग अंगावर काढायचा नसतो. शिंक-खोकला नसतानाही सतत, झिरपल्यासारखं ओलं राहत असेल तर ती साधी गळती नव्हे. खालून काहीतरी उतरल्यासारखं, अंग बाहेर येतंय असं वाटत असेल, किंवा मांड्यांच्या आतली बाजू बधिर होत असेल, तेही सांग. आणि पुढच्या महिन्यांसाठी एक पक्कं लक्षात ठेव: अचानक पाण्यासारखं, न थांबणारं काही गेलं, तर ‘माझं नेहमीचंच’ म्हणून घरी बसू नकोस. ते गर्भजल असू शकतं. कोरडा पॅड लावून लगेच दवाखान्यात जा. लघवीच निघाली तर हसत परत ये.

बाळंतपणानंतर तू माहेरी जाणार, मालीशवाली येणार, शेगडी पेटणार, डिंकाचे-अळिवाचे लाडू होणार. लाडवांबद्दल माझी तक्रार नाही, फक्त सोबत पालेभाजी आणि पाणी असू दे, नाहीतर पुन्हा कुंथणं आलं. धुरी-शेक टाक्यांच्या जवळ नको. तिथली कातडी बधिर असते, भाजलेलं कळत नाही. पोट आवळून आवळून बांधू नका. आधारापुरता सैलसर पट्टा ठीक, पण करकचून बांधलं की दाब जाणार कुठं? खालीच. बाळंत झाल्यावर पहिले सहा तास लघवीवर लक्ष ठेव. पिशवी भरलेली असूनही कळत नाही असं होतं. झालीच नाही किंवा थेंब थेंबच झाली तर सिस्टरला हाक मार, लाजू नकोस. तळाचा व्यायाम एक-दोन दिवसांत, दुखणार नाही इतपत, हलका सुरू करता येतो. लघवीची नळी घातली असेल तर ती निघाल्यावर. बाळापेक्षा जड काही सहा आठवडे उचलू नकोस. सहा आठवड्यांच्या तपासणीला फक्त बाळाचं वजन करून परत येऊ नकोस, स्वतःचा तळही तपासून घे. पळणं, उड्या, झपाट्याची लाठी तीन महिन्यांच्या आत नाही. त्यानंतरही खोकून बघ, जागेवर हलकी उडी मारून बघ. कोरडी राहिलीस तर पुढं जा. तीन महिने नेमानं करूनही फरक नाही, तर पुढचे उपाय आहेत, त्यासाठी तज्ज्ञांकडं जायचं.

पॅडबद्दल: पाळीचा पॅड रक्तासाठी केलेला असतो, लघवी तो नीट शोषत नाही, त्यानं कातडी सोलवटते. लघवीसाठीचे वेगळे पातळ पॅड औषधांच्या दुकानात मिळतात. साध्या पाण्यानं धू, सुगंधी द्रावणं नकोत.

दर्शनाचं मला काय विचारतेस? मी फिजिओथेरपिस्ट, पुजारी नव्हे. पण ज्या देवीला आपण आई म्हणतो, तिच्या दारात पोटुशी लेक थेंबांच्या भीतीनं येत नाही, हे मला तरी सहन होत नाही. पॅड लाव, गर्दी नसेल त्या वेळी जा, रांगेत उभी असताना तळाची आठ आकुंचनं करून घे.

नवऱ्याला सांग. माफी मागितल्यासारखं नको. गुडघा दुखतोय हे सांगतेस तसं. सिलिंडर कोण सरकवणार, मुलीला जिन्यावरून कोण उचलणार, हे त्यानंतरच ठरेल.

डॉक्टरांसमोर शब्द सुचणार नाहीत, मला माहीत आहे. म्हणून आजच एका चिठ्ठीवर लिहून ठेव आणि पुढच्या तपासणीला तीच पुढं कर: ‘पहिल्या बाळंतपणापासून, चार वर्षं, खोकल्या-शिंकेला लघवी जाते. चिमटा लावला होता. टाके किती खोल होते ते कागदात बघा. मला तळाचा व्यायाम शिकवणाऱ्यांकडं पाठवा.’ आणि यातली एकही ओळ खोडू नकोस.